वाकर म्हंजे वाकळ न्हाई

ताडकळस
१८ नोव्हेंबर, सोमवार

बालाजीचे बाबा,

मनकर्णाचा नमस्कार घ्या. दर पाडव्याला तुमच्या पायावर डोकं ठिवते, तसं हितूनच ठिवलं असतं. पर ते पाय सध्या दुसऱ्या बाईच्या ताब्यात हायेत, म्हणून नुस्ते हात जोडते.

हिकडं समदं खुशाल हाय. कापसाची दुसरी येचणी झाली. तूर फुलावर हाय. तुमच्या खाटंवर मांजर झोपायलंय, त्याला हाकलत न्हाई, खाट मोकळी बगवत न्हाई म्हणून.

हे पत्र बबिता लिहायली. हो, शेजारच्या वच्छीचीच सून. मला मालूम हाय तुमी हसायलाव. ज्या वच्छलाबाईचं नाव काढलं की मी भांडी आपटते, तिच्याच सुनंला मपलं पत्र लिहायला बसवलं. पर करू काय? तुमी आन् सितारामभाऊ फौजेत व्हता तव्हा आमच्या दोघींची पत्रं वच्छीच लिहायची, कारण सातवी शिकलेली तीच एक. मी सांगायची, ती लिहायची. तुमची आलेली पत्रं बी आधी तीच वाचायची आन् मंग मला सांगायची. नवरा मपला, पर त्याचं बोलणं वच्छीच्या तोंडातून. आता सितारामभाऊ गेले, वच्छीचे डोळे गेले, मंग तिच्या सुनंकडं आलं. बबिता आंगणवाडीची ताई हाय, अक्षर मोत्यावाणी हाय, आन् मोत्याएवढंच बारीक हाय.

फोन करून उपेग न्हाई. तोफांनी तुमचे कान नेले. मी हिकडून "जेवलाव का" म्हणते आन् तुमी तिकडून "कोण गेलं?" म्हणून घाबरता.

बालाजीनं पुण्याहून तुमचा इडिव पाठिवला. बबितानं मोबाइलवर दाखिवला. मोठा हॉल हाय, दोन्ही बाजूनं लोखंडी नळ्या हायेत, आन् मधी तुमी. तुमच्यावाणीच धा-बारा म्हातारे फौजी खुर्च्यांवर बसल्याले. सरकारनं तुमाला पैले चालायला शिकवून लढाईवर धाडलं, आता अठ्ठ्याहत्तर वर्सांचे झाल्यावर परत चालायला शिकवायलंय. बरं हाय. खुबा मोडला की माणूस ल्हान लेकरू व्हतं, हे परभणीचा डाक्टर बी म्हनला व्हता.

पर त्या इडिवमधी एक पोरगी हाय. पांढरा कोट, केसाचा बुचडा, नाव प्रियदर्शनी म्हणं. तिनं तुमच्या कमरंला पट्टा बांधलाय आन् एका हातानं तो पट्टा धरलाय. दुसऱ्या हातानं तुमचा हात. आन् तुमी तिच्याकडं बगून हसायलाव. मी तो इडिव आठ बार बगितला. पट्ट्यासाठी न्हाई, हसण्यासाठी. मपला हात तुमी एकदाच धरला, लग्नात, तेबी भटजीनं सांगितलं म्हणून. त्रेपन्न वर्सं झाली.

अजून एक इचारायचं हाय. बालाजी फोनवर म्हनला की त्या पोरीनं तुमाला वाकळ दिली, आन् तिच्याबिगर तुमी पाऊल टाकत न्हाई. म्हनला, "बाबा वाकर धरूनच चालतात, सोडतच न्हाईत." आता वाकळ धरून माणूस कसं चालतंय ते मला कळंना. थंडी असंल, अंगावर घेत असाल. पर घरात मपल्या हातच्या सात वाकळा पडल्यात. तुमच्या जुन्या खाकी शर्टाची ठिगळं हायेत त्यात, मपल्या लग्नातल्या लुगड्याचा काठ हाय. तिनं काय, दुकानातून आणली असंल. मी उद्याच एक पार्सल करते. तिची तिला वापस द्या.

बालाजी म्हनला की बारीक अक्षर तुमाला दिसत न्हाई, म्हणून पत्र तीच पोरगी वाचून दाखवणार. तेबी कानात वरडून. म्हंजे आख्खा हॉल ऐकणार. ऐका बाबांनो. आन् पोरी, तू वाचताना हसू नको. हसायचं काम मपलं हाय.

तुमची काठी अजून सापडली न्हाई. मनाला लावून घेऊ नका. म्हातारपणी इसर पडतोच.

संक्रांतीला चालत घरी या.

मनकर्णा


ताडकळस
३ डिसेंबर

बालाजीचे बाबा,

वाकर म्हंजे वाकळ न्हाई, हे आता सगळ्या पुण्याला मालूम झालंय आन् सगळ्या ताडकळसला बी. चार पायाचा लोखंडी घोडा म्हणं, तो पुढं ठिवायचा आन् त्याच्या मागं आपण जायचं. मला काय ठावं? कुणी नीट सांगितलं का? बालाजीची बायको फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला. हसा म्हनलं. सोमवारच्या बाजारात भाजीवाली बी मला म्हनली, "काकू, वाकळ पोचली का?" बबितानंच गावभर केलं असंल. ती न्हाई म्हणायली, पर लिहिताना मान खाली घालून गालात हसायली.

पर एक बोलणं ऐकून मपला जीव थंड झाला. त्या पोरीनं मपली वाकळ वापस धाडली न्हाई म्हणं. घडी घालून तुमच्या खुर्चीवर ठिवली, बैठक उंच व्हायला. उंच खुर्चीतून उठणं सोपं, मंग हळूहळू घडी कमी करायची आन् खाली खाली बसायचं. हात न लावता धा बार उठायचं, धा बार बसायचं. पोरगी हुशार हाय, एवढं कबूल. तिच्या हातात तुमचा हात असंल, पर बुडाखाली मपलं लुगडं हाय. बराबर झालं.

वाकळ काढताना बबिता मदतीला व्हती. थप्पी उंच, मपला हात पुरंना. तिनं वरच्या तीन उतरवल्या, चवथी वढली आन्

बबिता लिहायची थांबली. लिही ग. आन् वाकळ सापडली, असं लिही.

दुसरं बोलणं. बालाजी सांगत व्हता, तुमचं हाड जुळलं. फोटोत दिसलं. पायात ताकद हाय, चिकटपट्ट्या लावलेल्या फरशीवरून तुमी मोजून पावलं टाकता, पायऱ्या चढता, समदं करता. पर पोरीनं हात सोडला की जागच्या जागी उभं. खुंट्यावाणी. ती पुढून ये म्हणती, तुमी येत न्हाई. म्हणता, "मपलं डोकं गेलंय. हातातली काठी कुटं ठिवली ते आठवत न्हाई, अशा माणसानं एकट्यानं चालू नये. मधीच इसरलो चालायचं तर?"

काय बोलणं हे फौजी माणसाचं.

तुमचं डोकं गेलं न्हाई. मी इचारते, तुमी त्या पोरीला उत्तर सांगा. तुमच्या तोफेवर किती माणसं व्हती? सितारामभाऊला गोळा उचलताना कोणत्या हाताला लागलं? बालाजी झाला तव्हा तुमी कुटं व्हता आन् किती दिसांनी पेढे पाठिवले? धाकट्या बहिणीच्या लग्नात कोणत्या पाव्हण्यानं रुसून जेवण टाकलं? हे समदं येतंय ना? मंग?

एक काठी. एका काठीवरून माणूस मपलं डोकं गेलं म्हणतंय का? काठ्या हरवतात. ल्हान लेकरं नेतात, कुत्री वढून नेतात. सोडा तो नाद.

त्या पोरीला सांगा, हात सोड. पुरे झालं धरून.

मनकर्णा


ताडकळस
१९ डिसेंबर

बालाजीचे बाबा,

पंधरा दिस पत्र न्हाई, कारण लिहिणारी रुसली व्हती. पैले म्हनली आंगणवाडीचं वजन-मापाचं काम हाय, मंग म्हनली डोकं दुखायलंय. शेवटाला मीच तिच्या आंगणवाडीत जाऊन लेकरांच्या पाटावर बसले. ती लेकरांना खिचडी वाढायली, मला बी एक ताटली दिली, आन् लेकरं झोपल्यावर बोलली. काय बोलली ते समदं हितं लिहिता येत न्हाई, कारण पत्र हॉलमधी वाचलं जातंय. पर अर्धं सांगते.

तुमी रोज सकाळी चहा पिऊन वच्छीकडं जायचात. तासभर. मी दारातून बगायची. आपल्या दारातून तिच्या ओट्याचं निम्मंच दिसतं, तुमची टोपी तेवढी दिसायची, कधी वर कधी खाली. वापस यायचात तर घाम आल्याला, आन् चेहरा कसा धुतल्यावाणी. मी इचारलं तर म्हणायचात, "सितारामच्या गोष्टी काढल्या." म्हनलं, मेल्या माणसाच्या गोष्टीनं घाम येतो का? आन् टोपी कामून वर-खाली व्हती?

आता कळलं. परभणीच्या फौजी दवाखान्यातल्या डाक्टरनं गुडघ्यासाठी तुमाला व्यायाम दिला व्हता. पायरी चढा, उतरा. खुर्चीतून उठा, बसा. वच्छीच्या ओट्याला तीन पायऱ्या हायेत आन् सितारामभाऊच्या आजारपणात बसवलेला नळीचा कठडा हाय. तुमी तिथं चढत-उतरत व्हता. वच्छी दाराच्या आत बसून मोजायची, डोळ्यानं दिसत न्हाई म्हणून पायाच्या आवाजावरून. मपल्या नवऱ्याची पावलं ती मोजायची, आन् मी हिकडं दारात उभी राहून टोपी मोजायची.

मी बबिताला म्हनलं, आपल्या घरात खुर्ची हाय, उंबरा हाय. घरी कामून न्हाई केला?

ती म्हनली, "काकू, पैल्या दिशी घरीच केला व्हता काकांनी. तुमी हसलात."

मला आठवलं. तुमी अंगणात खुर्ची ठिवून उठ-बस करत व्हता. सगुणाबाई आन् दोघी-तिघी शेंगा निवडायला बसल्या व्हत्या. मी म्हनलं, "आमच्या फौजीला कुण्या मास्तरनं उठाबशा काढायला लावल्या बगा." समद्या हसल्या. तुमी बी हसलात. मंग खुर्ची आत नेऊन ठिवलीत आन् परत कधी काढली न्हाई. मला वाटलं, कंटाळलात.

मी तुमाला त्रेपन्न वर्सं हसले. चिलीम सोडलीत तव्हा, धरलीत तव्हा, मिशा काढल्यात तव्हा. तुमी कधी रागावला न्हाई. मला वाटलं तुमाला आवडतंय.

असो.

काल त्या पोरीचा फोन आला व्हता, बबिताच्या मोबाइलवर. पैल्यांदाच बोलले तिच्याशी. आवाज गोड हाय, त्याचा बी राग आला. जिंतूरची हाय म्हणं. म्हंजे आपल्याच मुलखातली, म्हणून तुमी हसायलाव व्हय. ती म्हनली, "आजी, आजोबांचे पाय बरे हायेत. पाय मी बरे करू शकते. पण ते काठीचंच बोलत राहतात. जानेवारी संपंपर्यंत एकट्यानं चालले न्हाईत तर चाकाच्या खुर्चीवर घरी पाठवावं लागंल." मंग बालाजीचं बी ठरल्यालं हाय. चाकाची खुर्ची ताडकळसच्या गल्लीत चालत न्हाई, मधी नाली हाय, आपला उंबरा हातभर. म्हणून तुमाला पुण्यातच ठिवणार. कायमचं.

पोरीनं इचारलं, "आजी, काठीचं नेमकं काय झालं व्हतं? घरात कुणी उचलून ठिवली व्हती का?"

मी म्हनलं, मला मालूम न्हाई.

बबिता मपल्या तोंडाकडं बगत व्हती.

मनकर्णा

पोरी, तू मला फोनवर सांगितलंस ना, पायरी चढताना चांगला पाय आधी आन् उतरताना दुखरा पाय आधी. का म्हणून इचारायचं राहिलं. सांग.


ताडकळस
७ जानेवारी

(हे पत्र आंगणवाडीच्या चित्राच्या कागदावर हाय. सहा कागद. अक्षर बोटाएवढं. पोरी, हे तू वाचू नको. गुंडाळी तशीच त्यांच्या हातात दे आन् बाजूला हो. ते स्वतः वाचतील.)

बालाजीचे बाबा,

उतरताना दुखरा पाय आधी. म्हणून आधी दुखरंच सांगते.

काठी तुमी इसरला न्हाई.

काठी मी लपिवली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी, सकाळी. तुमी तोंड धूत व्हता. मी काठी उचलली आन् वाकळांच्या थप्पीत घातली.

तुमी वच्छीकडं जाऊ नये म्हणून. काठी न्हाई तर बसतील घरी, असं वाटलं. एक दिस तरी.

तुमी घर धुंडाळलं. खाटंखाली, दाराआड, न्हाणीत. मी बी संगं धुंडाळायचं सोंग केलं.

तुमी डोक्याला हात लावला. म्हनलात, "मनकर्णा, मला काहीच आठवंना." मी म्हनलं, "वय झालं."

तव्हा सांगायला पायजे व्हतं. काठी दोन हातावर व्हती.

तुमी भिंत धरून निघालात. वच्छीच्या पायरीच्या अलीकडं पडलात.

दवाखान्यात समद्यांनी इचारलं. मी म्हनलं, "इसरभोळे झालेत."

वाकळ काढताना काठी बबिताच्या पायावर पडली. ती कुणाला बोलली न्हाई. आता हे तिच्याच हातानं लिहून घेते.

तुमचं डोकं शाबूत हाय. खोट मपल्यात हाय.

उठा. चाला.


ताडकळस
१४ जानेवारी, संक्रांत

बालाजीचे बाबा,

कागद पोचले म्हणं. उत्तर न्हाई. मी मागत बी न्हाई.

आज तीळगूळ घेऊन वच्छीकडं गेले. बारा-तेरा वर्सं झाली, तिचा ओटा मी चढले न्हाई. सितारामभाऊच्या दहाव्याला गेले तेबी खाली उभी राहून आले. आज चढले. तीन पायऱ्या हायेत, पर मपल्या गुडघ्यानं तिसरीवर कुई केलं आन् मी कठडा धरून तिथंच वाकले. वच्छी आतून म्हनली, "कोण? पाय घसटत यायलंय, म्हैस हाय का माणूस?" आन् हसली.

हसणं कुटं लागतं ते कळलं. गुडघ्यात न्हाई लागत.

बबितानं तिला समदं सांगितलं व्हतं. मला वाटलं आता ही मला बोलणार, गावाला सांगणार. ती तीळगूळ चगळत बसली. मंग म्हनली, "मनकर्णे, माझ्या डोळ्याला दिसंना, तोंडात दात राहिले न्हाईत, केस तर नवरा व्हता तव्हाच गेले. या वयात माझ्यावर जळायला कुणीतरी हाय, हे ऐकून लय बरं वाटलं बाई."

आमी दोघी हसलो. मंग ती म्हनली की तुमी वीस पायऱ्या झाल्या की थांबायचात आन् म्हणायचात, "वहिनी, घरी सांगू नका. एकदम चालूनच दाखवीन तिला."

हे तिनं मला आज सांगितलं. तीन महिन्यामागं सांगितलं असतं तर? मी इचारलं. ती म्हनली, "तू कधी आलीस का?"

गोड बोला म्हणायची मपली हिंमत न्हाई. तीळगूळ पाठिवलेत. त्या पोरीला बी द्या. दोन जास्तीचे हायेत, ते तिचेच.

मनकर्णा


ताडकळस
२ फेब्रुवारी

बालाजीचे बाबा,

त्या पोरीनं समदं सांगितलं. आधी ते लिहिते, म्हंजे मला काय काय मालूम हाय ते तुमाला कळंल.

कागद तुमी खिडकीपाशी बसून वाचले. एकेक कागद वाचला की खाली ठिवायचात. सहावा वाचून परत पैला उचलला. त्या दिशी तुमी जेवला न्हाई, व्यायामाला आला न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी पोरगी वाकर घेऊन आली तर तुमी तो हातानं सरकवला. ती पट्टा बांधायला आली तर म्हनलात, "नको." तिनं सवयीनं हात पुढं केला, तुमी झिडकारला. मंग वाकळंवरून उठलात, हात न लावता, आन् चाललात. हॉलच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आन् वापस. सहा मिनिटं, पोरीनं घड्याळ बगितलं. मधी थांबला न्हाई. तोंडानं काहीतरी पुटपुटत व्हता. पोरगी मागून पळत व्हती, पडाल म्हणून. बाकीचे फौजी खुर्चीतून टाळ्या वाजवायले, तुमाला ऐकूच आलं न्हाई.

शेवटाला तिनं कानाशी जाऊन इचारलं, "आजोबा, एवढा राग कुणावर?"

तुमी म्हनलात, "घरी एक दुश्मन हाय."

पोरगी मला हे सांगताना भीत व्हती. मी म्हनलं, भिऊ नको, अजून काय म्हनले? अजून काही न्हाई म्हणं. तिला दुःख झालं की तो हॉल सोडून जाताना तुमी तिच्याकडं बगून हसला न्हाई. मी तिची समजूत घातली. खोटं कामून सांगू, घालताना बरं वाटलं.

बालाजी म्हनला, तुमी त्याच्याकडं गेलाव आन् तिथंच राहायचं म्हणता. चाकाच्या खुर्चीमुळं न्हाई, मर्जीनं. ताडकळसचं नाव काढलं की उठून फिरायला जाता. रोज सकाळी त्याच्या इमारतीखालच्या बागंत एकटे. त्यानं वरच्या खिडकीतून इडिव काढला. पाठ दिसती. उजवा पाय जरा बाहेर पडतोय, पर पडतोय. त्या बागंतल्या वाटंवर बी मी जळते आता. काय करू, सवय हाय.

परवा तुमचं कार्ड आलं. पोस्टाचं कार्ड, अक्षर मोठं. बबितानं दारातच वाचलं. मी म्हनलं, परत वाच. तिनं परत वाचलं. एवढंच व्हतं:

"चालतो आहे. एकटा. राग आहे. भुजंग."

तुमचं नाव तिनं वाचलं, मी फकस्त मान हलवली.

बबिता इचारायली, काय लिहू? माफी मागायची का? म्हनलं, माफी सहा कागदावर मागून झाली, आता सातवा नको. घरी या, असं लिहू का? तेबी नको. ज्याला मी जायला दिलं न्हाई त्याला आता ये म्हणायचं तोंड मपल्याला न्हाई. पाय तुमचे हायेत, ते कुटं जायचं ते तुमी ठरवा.

मी फकस्त एक काम केलं. दोघींना इचारलं. पोरीला फोन करून इचारलं, तुमी तिच्यावर कधी रागावलात का? ती म्हनली, "कधीच न्हाई आजी, लय सोशिक आजोबा." मंग ओटा चढून वच्छीला इचारलं. ती म्हनली, "माझ्यावर? भावजीनं कधी आवाज चढवला न्हाई." बालाजीला इचारायची गरज न्हाई, तो तुमचा लाडका.

म्हंजे हसू पोरीला दिलंत. घाम वच्छीला दाखिवलात. चालणं त्या बागंला. मपल्या नावानं एवढा एक राग हाय, आन् तो तुमी त्रेपन्न वर्सांत दुसऱ्या कुणावरच केला न्हाई. कार्ड मी गादीखाली ठिवलंय.

थंडी हाय, सकाळी कान बांधून चालत जा. आन् तो राग तिकडं कुणाला देऊ नका. मपला हाय.

मनकर्णा